कोऱ्या स्लाइडचा ताळा

३ फेब्रुवारी, सोमवार

पन्नाशीला आठ महिने राहिले. ही वही आणून दोन वर्षं झाली, आज पहिलं पान उघडलं. लिहिण्याजोगं असेल तेव्हाच लिहीन.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आज मला नवं काम दिलं. सव्वीस वर्षं मी मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे मायक्रोटोमवर कापतो, स्लाइडवर घेतो आणि गुलाबी-जांभळे रंगवतो. आता प्रकाशाचं काम. जोडीला संशोधन करणारी विद्यार्थिनी आहे. तिला सगळे घाईताई म्हणतात. नाव स्टोअरवाल्याने ठेवलं. तो म्हणतो, ही मागणीचा कागद टेकवते आणि मी कपाट उघडेपर्यंत जिना चढून गेलेली असते. तिला हे नाव ठाऊक आहे. राग धरत नाही. राग धरायलाही वेळ लागतो, असं स्टोअरवाल्याचं म्हणणं.

काम असं आहे. उंदराच्या यकृतात एक प्रथिन कुठे आहे ते शोधायचं. आधी पहिली अँटिबॉडी घालायची. ती जाऊन त्या प्रथिनाला चिकटते, पण ती स्वतः दिसत नाही. मग दुसरी घालायची. दुसरीच्या अंगाला हिरवा प्रकाश देणारं द्रव्य बांधलेलं असतं, आणि ती पहिलीला शोधून धरते. म्हणजे मायक्रोस्कोपखाली हिरवं दिसलं तिथे दुसरी, दुसरी आहे तिथे पहिली, आणि पहिली आहे तिथे प्रथिन. दिवा धरणारीच्या मागोमाग जाऊन न दिसणाऱ्याला ओळखायचं. मला हे फार आवडलं.

दर खेपेला आठ स्लाइड. सहांना दोन्ही अँटिबॉडी. दोन कोऱ्या ठेवायच्या, एक निरोगी यकृताची, एक आजारी यकृताची. कोऱ्यांना पहिली द्यायची नाही, फक्त दुसरी. पहिलीच नसेल तर दुसरी धरणार कोणाला? धुतल्यावर वाहून जाईल आणि स्लाइड काळी दिसेल. कोऱ्या काळ्या आल्या की बाकीच्या सहांवरचं हिरवं खरं मानायचं. ही सगळी पद्धत मॅडमनी छापून भिंतीला लावली आहे.

"दुसरी जपून वापरा, काका," त्या म्हणाल्या. "कुपी तीस खेपांची आहे. संपली तर नवी यायला दोन-अडीच महिने."

कुपी माझ्या करंगळीच्या पेराएवढी. प्रकाश लागला की विटते, म्हणून चंदेरी कागदात गुंडाळून फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ठेवली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली खेप.

मधली धुणी पाच-पाच मिनिटांची. गजर लावायचं घड्याळ आहे, पण मी मनात नाम घेतो. तीनशे नामांना पाच मिनिटं होतात. घाईताईने तिच्या फोनवर वेळ लावून पाहिलं. चार मिनिटं छप्पन्न सेकंद.

"काका, तुमचा देव चार सेकंद आधी पोचला."

"तुमच्या संगतीत राहून घाई करायला लागला असेल."

ती हसली आणि तेवढ्यात खोलीबाहेर गेली.

कोऱ्या दोघींना काल पहिलीच्या जागी खारं पाणी दिलं होतं. दुसरीची वेळ आली तेव्हा पिपेट हातात धरून थोडा थांबलो. जिथे तिला धरायला कोणी नाही तिथे ओतून काय करायचं? तासाभराने धुऊन मोरीतच जाणार. लहानपणी आम्ही भावंडं झोपलो की आई खोलीतला कंदील उचलून चुलीपाशी नेत असे. झोपलेल्यांना उजेड कशाला? तसंच हे. कोऱ्यांना पुन्हा खारं पाणीच दिलं. नोंदीच्या तक्त्यात 'दुसरी' या रकान्यात मात्र सवयीने वरपासून खालपर्यंत आठही चौकोनांत खूण केली.

८ फेब्रुवारी, शनिवार

अंधाऱ्या खोलीत पाहिलं. आजारी यकृतात हिरवं भरपूर, निरोगी यकृतात अगदी थोडं. घाईताई दोन मिनिटं एका जागी उभी होती, त्यावरून गोष्ट मोठी आहे हे कळलं. तिच्या प्रबंधाचा सगळा मुद्दा हाच आहे, की आजारात हे प्रथिन वाढतं.

मॅडम दारात आल्या. "कोऱ्या काळ्याच ना?"

"कोळशासारख्या."

"मला धास्ती होती. आपली पहिली अँटिबॉडी उंदरापासून केलेली आणि ऊतीही उंदराची. अशा वेळी दुसरीचा गोंधळ होऊ शकतो. सशाची पहिली मागवायची तर काम सहा महिने मागे. पण कोऱ्या काळ्या आहेत तर प्रश्नच मिटला."

दारातूनच परत गेल्या. मायक्रोस्कोपपाशी आल्या नाहीत. सुटल्यासारखा चेहरा होता. तो गोंधळ कसला, हे मला नीट समजलं नाही. त्यांना समजलं आहे एवढं पुरे.

५ मार्च, बुधवार

हिने विचारलं, "त्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिता?"

म्हटलं, अजून काहीच नाही.

"मग चांगली वही आहे," म्हणाली आणि शिवणाच्या मशीनवर बसली.

१७ एप्रिल, गुरुवार

बाहेरून दोन प्राध्यापक आले होते. मॅडमनी त्यांना भिंतीवरची मोठी चित्रं दाखवली. एक हिरवं, शेजारी एक पूर्ण काळं. "आमच्या काकांच्या कोऱ्या बघा. इतका स्वच्छ अंधार मी कुठे पाहिला नाही." प्राध्यापकांनी माझ्याकडे वळून मान हलवली.

मला सुख झालं. सुख झालं की मी एरवी जरा सावध होतो. आज झालो नाही. घरी येईपर्यंत ते बरोबर होतं.

२८ मे, बुधवार

शेवटची, अडतिसावी खेप. कुपी तीस खेपांची होती, आणि तळाशी अजून दोन खेपांपुरतं शिल्लक आहे. घाईताईने कुपी उजेडापासून लपवत तिरकी करून पाहिली.

"काका, तुमच्या हाताला बरकत आहे. हे पुरलं कसं?"

मी म्हटलं, जपून वापरलं. ते खरंच आहे.

तिने ते मॅडमनाही सांगितलं. मॅडम टेबलावर काही लिहीत होत्या. पेन थांबलं. मग म्हणाल्या, "माझाच हिशेब चुकला असेल," आणि पुढे लिहू लागल्या.

९ जून, सोमवार

प्रबंध लिहून झाला आहे. तीस तारखेला द्यायचा. दिला की सप्टेंबरपासून तिला दुसऱ्या संस्थेत जागा आहे, तशी चिठ्ठी आली आहे. मुदतीत दिला नाही तर जागा नाही. तिने हे जिन्यात, दोन पायऱ्या खालून सांगितलं.

"एक काम आहे, काका. शेवटच्या जोडपत्रात पद्धत तुमच्या शब्दांत हवी. भिंतीवरची नको, ती सगळ्यांकडे असते. तुमचे हात काय करतात ते लिहा. पायरीपायरीने."

मी म्हटलं, माझं शिक्षण गावातल्या शाळेतलं, मला कुठे लिहिता येतं.

"वही लिहिता ना? स्टोअरवाले म्हणाले."

स्टोअरवाल्याला कसं कळलं ते विचारून पाहायला हवं.

१० जून, मंगळवार

लिहायला बसलो. मेण उतरवणं, धुणं, पहिली, रात्रभर फ्रीज, धुणं. इथपर्यंत पान भरलं. पुढे लिहिलं: 'यानंतर सहा स्लाइडना दुसरी अँटिबॉडी दिली. कोऱ्या दोन स्लाइडना दुसरी दिली नाही, कारण त्यांवर तिला धरण्याजोगं काही नसतं.'

वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. वाक्यात कुठे चूक नव्हती.

मग मनात आलं, त्यांवर धरण्याजोगं काही नसतं हे मला कुणी सांगितलं? ते पाहायलाच तर त्या स्लाइड ठेवल्या होत्या.

आमच्या शाळेत एकच मास्तर चार वर्ग शिकवत. गणित सोडवलं की ताळा मागत. आम्ही काही मुलं उत्तरावरूनच ताळा लिहून टाकायचो. तो नेहमी जुळायचा. मास्तरांनी एकदा माझी पाटी पुसली आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे रे, पण ताळा तू केलेला नाहीस." मला तेव्हा वाटलं होतं, गणित बरोबर आहे तर पाटी का पुसली.

ज्या खोलीत दिवा नेलाच नाही, ती खोली रिकामी आहे असं मी चार महिने सांगत होतो.

१२ जून, गुरुवार

कुपीत उरलेल्यातून काल एक खेप लावली. कुणाला सांगितलं नाही. पूर्ण आठ स्लाइड, आणि दुसरी आठांनाही दिली. आज धुताना नाम घेत होतो. दीडेकशे नामांनंतर ध्यानात आलं की मी नाम घेत नाही, मागत आहे. कोऱ्या काळ्या येऊ देत, असं मागत आहे. स्लाइडवर जे आहे ते आहेच. देव तरी आता त्यात काय करणार. मागणं थांबवलं आणि घड्याळ लावलं.

अंधाऱ्या खोलीत सर्वांत आधी आजारी यकृताची कोरी ठेवली.

हिरवी होती. पहिली अँटिबॉडी दिलेल्या स्लाइडइतकीच हिरवी. निरोगी यकृताची कोरी थोडी हिरवी, जशी तिची जोडीदारीण नेहमी असते. दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहिल्या. कोणती कोणती हे चिकटवलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय मला सांगता येईना, आणि माझे डोळे स्लाइड बघण्यात सव्वीस वर्षं मुरलेले आहेत.

स्लाइड पेटीत ठेवून पेटी कपाटात ठेवली. कुलूप लावलं. त्या कपाटाला आम्ही कुलूप लावत नाही.

१३ जून, शुक्रवार

काही बोललो नाही. घाईताई तीनदा समोरून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "काका, जोडपत्र?" म्हटलं, सोमवारी.

जे मनात आलं ते इथे लिहितो. कुणाला कळणार नाही. चार स्लाइडपुरतं कुपीत आहे, ते मोरीत ओतलं की ताळा घ्यायलाही काही उरत नाही. परीक्षक काळी चित्रं बघतील. ती तिच्या जागेवर जाईल. मी आणखी नऊ वर्षं काम करीन. हा विचार मनात आला आणि बराच वेळ बसून होता. मी त्याला ऊठ म्हटलं नाही.

१४ जून, शनिवार

हिला सगळं सांगितलं. अँटिबॉडीचं तिला समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माप न घेता मापाचं लिहून ठेवलंत."

हो म्हटलं.

"आणि आता?"

"तेच तुला विचारतोय. सांगू का नको?"

तिने दोरा दाताने तोडला. "सांगायचंच आहे हे तुमचं ठरलंय. मला विचारताय ते दोन दिवस लांबावं म्हणून. झाले दोन दिवस."

१६ जून, सोमवार

ती यायच्या आधी जाऊन बसलो. ती आल्यावर पेटी तिच्यासमोर ठेवली आणि जसं घडलं तसं सांगितलं.

"किती खेपांना?"

"अडतीस. पहिल्यापासून."

"तक्त्यावर खुणा आहेत."

"त्या खोट्या आहेत. करताना खोट्या वाटल्या नव्हत्या."

ती स्टुलावर बसली. काही न करता बसलेलं तिला मी प्रथमच पाहिलं. बाहेर कुणीतरी सेंट्रिफ्यूज सुरू केलं. ते पूर्ण वेग घेऊन थांबलं.

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं."

"नसतं."

"बरं झालं असतं, असं आत्ता वाटतंय. संध्याकाळी वाटणार नाही बहुतेक." मग उठली. "चला, दाखवा."

वीस मिनिटं तिने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. मग मला समजावलं. दुसरी अँटिबॉडी उंदराची अँटिबॉडी पकडण्यासाठीच बनवलेली असते. आपली पहिली उंदराची, म्हणून तिला पकडते. पण उंदराच्या रक्तात त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतातच. आजारी यकृतात रक्त झिरपतं, तिथे त्या जास्त. दुसरीने त्यांनाच धरलं. आम्ही आजाराचं प्रथिन म्हणून मोजलं ते झिरपलेलं रक्त होतं. मॅडम फेब्रुवारीत म्हणाल्या तो गोंधळ हाच.

"हे मी पहिल्या वर्षी शिकले होते, काका. परीक्षेत लिहिलंही होतं. काळं दिसलं आणि विसरून गेले."

प्रथिन तिथे मुळीच नाही का, असं विचारलं.

"असेल, नसेल. आपण अजून शोधलेलंच नाही."

१७ जून, मंगळवार

मॅडमकडे दोघं गेलो. मी उभा राहून सांगितलं.

"भिंतीवर लिहिलं होतं, काका. सर्व स्लाइडना, असं."

"हो."

"तुम्ही ते वाचलं होतं."

"रोज."

त्या आणखी काही म्हणणार होत्या. तेवढ्यात घाईताई म्हणाली, "मॅडम, तीस खेपांच्या कुपीत अडतीस झाल्या हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात हिशेब चुकला असेल."

मॅडमनी टेबलावरचे कागद सरळ केले. ते सरळच होते. मग उठून खिडकी उघडली. एसी चालू असताना का उघडली ते कळलं नाही. खिडकीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "सशाची पहिली आजच मागवते. मुदतवाढीचा अर्ज मी लिहीन. कारण प्रयोगशाळेचं म्हणून लिहीन."

घाईताईने असं बोलायला नको होतं. मॅडमचा यात काही दोष नव्हता. परतताना तिला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या, काका."

२० जून, शुक्रवार

तक्ते दुरुस्त केले. अडतीस पानं, पानाला दोन चौकोन. प्रत्येक खुणेवर लाल रेघ, शेजारी 'दुसरी दिली नाही', सही, आजची तारीख. शहात्तर सह्या. पन्नासाव्यानंतर सही माझी वाटेनाशी झाली, तरी करत राहिलो. भिंतीवरचं काळं चित्र घाईताईने उतरवलं. हिरवं मॅडमनी उतरवलं, पण सगळे घरी गेल्यावर.

स्टोअरवाला वर आला होता. माझ्याजवळ नवं लाल पेन ठेवून गेला.

८ जुलै, मंगळवार

ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. डबा खाताखाता तिने सांगितलं. पत्र फोनवर दाखवलं, चार ओळींचं आहे. मी डबा बंद करायला लागलो तर म्हणाली, "ठेवा उघडा. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून मला कोणी बोलावणार नाही."

मी क्षमा मागितली. याआधीही मागितली आहे. तिने चमचाभर भाजी माझ्या डब्यात टाकली आणि विषय बदलला. तिने क्षमा केली की नाही, ते मला कळत नाही. विचारण्याचा हक्क नाही असं वाटतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सशाची पहिली गेल्या आठवड्यात आली. तिच्या जोडीची, सशाची अँटिबॉडी पकडणारी नवी दुसरीही आली, नव्या कुपीत. काल खेप लावली. आठ स्लाइड, आठांनाही दुसरी. तक्त्यात आता प्रत्येक चौकोनापुढे वेळ लिहायची असते, त्यामुळे एक रेघ ओढून काम उरकत नाही. मॅडम पूर्ण वेळ शेजारी उभ्या होत्या.

धुताना नाम घेतलं. काही मागितलं नाही. घड्याळही लावलं होतं.

आज अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं. घाईताई म्हणाली, "आधी कोऱ्या. काकांनी बघायच्या."

आजारी यकृताची कोरी ठेवली. काळी होती. प्रकाश वाढवून पाहिला, कडा पाहिल्या, रक्तवाहिन्यांच्या आसपास पाहिलं, स्लाइड काढून चिठ्ठी वाचली आणि परत ठेवली. काळीच. पहिल्या अडतीस खेपांचा अंधार आणि हा अंधार डोळ्यांना अगदी सारखा दिसतो. मी बराच वेळ बघत राहिलो.

"काळी," मी म्हटलं. मॅडमनी स्वतः येऊन पाहिलं.

मग घाईताईने दुसरी स्लाइड ठेवली, दोन्ही अँटिबॉडी दिलेली. तिची मान वाकलेलीच राहिली.

"काका, बघा."

पाहिलं. फेब्रुवारीसारखं हिरवं कुठेच नव्हतं. जवळपास सगळं काळं. फक्त एका मोठ्या शिरेच्या काठाला पेशींची एक बारीक ओळ, सात-आठ असतील, हिरव्या.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली. "पण आहे."

ती पहिल्या खेपेपासून सगळं पुन्हा लिहिणार आहे. वर्ष तरी जाईल. जिना चढताना तिने सांगितलं, माझ्या बरोबरीने चढत.

निघण्याआधी तक्त्यावर वेळा लिहिल्या, सही केली. मग फ्रीज उघडून नवी कुपी चंदेरी कागदातून जराशी काढली आणि तिरकी करून पाहिली. जेवढी संपायला हवी होती, तेवढी संपली होती.